सशाची मादी व्यायला झालीये, पण पिल्लं जगत नाहीत. पावसाच्या आधी काय करू?

समुद्राकाठची

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातनं लिहितेय. गेल्या वर्षी मुलांच्या हट्टापायी बाजारातनं पांढऱ्या सशांची जोडी आणली, देणाऱ्याने दोन्ही माद्याच आहेत म्हणून छातीठोक सांगितलं होतं आणि त्यातला एक नर निघाला. पडवीत लाकडी फ्रेमला जाळी मारून पिंजरा केलाय, दोघं त्यातच असतात. मादी पहिल्यांदा व्याली तेव्हा आम्हाला पत्ताच नव्हता, पिल्लं जाळीवरच पडली, सकाळी सगळी गार. दुसऱ्यांदा अक्षयतृतीयेच्या सुमारास व्याली. तेव्हा पुठ्ठ्याचा खोका आणि जुन्या साडीच्या चिंध्या ठेवल्या होत्या, सहा झाली, छान गुलाबी होती. पण ही बया पिल्लांजवळ जाईचना, दिवसभर दुसऱ्या कोपऱ्यात बसून राहायची. सासूबाई म्हणाल्या टाकलंन तिने पिल्लांना, मग गाईचं दूध पाणी घालून ड्रॉपरने पाजलं, एकाच्या नाकातनं दूध आलं, तीन दिवसात सगळी गेली. मुलं किती रडली काय सांगू.

आता परवापासून ती तोंडात गवत धरून पिंजऱ्यात फिरतेय. परत व्यायची आहे का? मिरग तोंडावर आलाय, पाऊस सुरू झाला की पडवीत झड येते. आणि अजून एक, आमचे हे म्हणतात की एवढं करतोच आहोत तर दहा माद्या घेऊन धंदाच करू, कोणीतरी त्यांना पिल्लं परत विकत घेऊ म्हणून सांगितलंय. त्याबद्दलही कोणाला माहिती असेल तर सांगा.

कलमवाला_राजापूर

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी उठून नर वेगळा करा. आत्ता. दुसरा पिंजरा नसेल तर आंब्याच्या दोन पेट्या जोडून वर जाळी बांधा पण आजची रात्र त्याला तिथे ठेवू नका. सशाच्या मादीला गाय-म्हशीसारखा ठरावीक माज नसतो, नर लागला की त्यानंतर दहा-बारा तासांनी बीज सुटतं, त्यामुळे व्यायल्याच्या दिवशीसुद्धा ती परत गाभण राहू शकते. गाभणकाळ 31 दिवसांचा धरा, एखाददोन दिवस इकडेतिकडे. अक्षयतृतीयेला व्याली आणि नर सोबतच होता म्हणताय, म्हणजे हिशोब बरोब्बर जुळतो, गवत तोंडात धरून फिरतेय म्हणजे आज-उद्याकडे व्यायची. अंगावरचे केस उपटायला लागली की मग तासांचाच प्रश्न.

(केस उपटले, घरटं केलं आणि पिल्लंच नाहीत असंही होतं कधीकधी. नर लागला पण गर्भ राहिला नाही तर सतरा-अठराव्या दिवशी सगळं नाटक करते. तुमचे दिवस तेवढेच नाहीत म्हणून म्हणतो की ही खरी आहे.)

आता पेटी. पुठ्ठा नको, मुतून ओला होतो आणि मग पिल्लं गारठतात. साधी लाकडी पेटी, दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, पुढची बाजू अर्धा फूटच ठेवा म्हणजे मादी उडी मारून आत जाईल पण पिल्लू रांगत बाहेर येणार नाही. तळाला चार-पाच भोकं पाडा. आत भाताचा सुका पेंढा हाताने चोळून मऊ केलेला, चांगला जाड थर, मधे मुठीने खळगा करून ठेवा. चिंध्या अजिबात नकोत, त्यांचे दोरे सुटतात आणि पिल्लाच्या पायाला नाहीतर मानेला फास बसतो. नारळाचा काथ्यासुद्धा त्याच कारणाने नको. एरवी ही पेटी 28 व्या दिवशी ठेवायची असते, आधी ठेवली तर तिचा संडास करून टाकते.

आणि तुमच्या पोस्टमधली खरी गोष्ट. तिने पिल्लांना टाकलं नव्हतं हो. सशाची मादी पिल्लांवर बसत नाही, मांजरासारखी कुशीत घेऊन झोपत नाही. चोवीस तासात एकदा, फार तर दोनदा, बहुतेक रात्री किंवा पहाटे पेटीत जाते, तीन-चार मिनिटं पाजते आणि बाहेर येते. बाकी दिवसभर लांब बसते, उगाच घरट्यापाशी घुटमळलं तर शिकाऱ्याला पत्ता लागेल हे तिच्या रक्तातच आहे. आई पाजतेय की नाही हे आईकडे बघून कळत नाही, पिल्लाच्या पोटाकडे बघून कळतं. सकाळी हात धुवून पेंढा बाजूला करा, पोट गोल आणि टम्म असेल, पातळ कातडीतनं दुधाचा पांढरा पट्टा दिसत असेल तर काही करायचं नाही, झाकून ठेवायचं. कातडी सुरकुतलेली, पोट आत गेलेलं असेल तरच काळजी. माणसाचा हात लागला तर आई पिल्लं मारते वगैरे सगळं ऐकीव, पाळलेल्या मादीला तुमचा वास ओळखीचा असतो. मेलेलं पिल्लू मात्र लगेच काढा.

एखादं पिल्लू आचळाला चिकटून बाहेर आलं आणि जाळीवर गार पडलेलं मिळालं तर मेलं म्हणून टाकू नका. हातात, कपड्यात धरून आधी गरम करा मगच पेटीत ठेवा.

समुद्राकाठची

बापरे, म्हणजे ती रात्री पाजत असणार आणि आम्ही दिवसा वरनं दूध घालत होतो. नर वेगळा केलाय, भातगिरणीवाल्याच्या जुन्या पिंजऱ्यात ठेवलाय. पेटी हे करतायत आत्ता.

गुरांचा_डॉक्टर_नव्हे

नावाप्रमाणे मी डॉक्टर नाही, पण पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी झाली, आता रिटायर. दुधाचं सांगतो कारण हे प्रत्येक घरात होतं. सशिणीचं दूध फार दाट असतं, त्यात फॅट गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास आणि प्रोटीनही तसंच, म्हणून दिवसातून एकदा पिऊन पिल्लाला पुरतं. गाईचं दूध, त्यात पुन्हा पाणी घालून, म्हणजे पोट भरतं पण अंगी लागत नाही, शिवाय जुलाब होतात. आणि पिल्लाला उताणं धरून ड्रॉपर दाबला की दूध फुप्फुसात. नाकातनं दूध आलं म्हणजे तेच झालं. खरंच आई मेली असेल तर त्याच दोन दिवसात व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली पिल्लं घालणं हा एकमेव बरा उपाय, म्हणून जाणकार लोक दोन माद्या एकाच दिवशी लावतात.

पावसाळ्याचं म्हणाल तर आपल्याकडे जून ते सप्टेंबर सशाचा पहिला शत्रू म्हणजे कॉक्सिडिया, पोटात वाढणारे बारीक परजीवी जंतू. दूध सुटायच्या सुमाराला, साधारण महिना ते तीन महिन्यांची पिल्लं, पोट फुगतं, पातळ हगतात, दात खातात आणि पटापट जातात. जंतू लेंडीतनं बाहेर पडतात आणि दमट हवेत, उबेत एकदोन दिवसात लागण करण्याजोगे होतात. म्हणजे आपली कोकणातली हवा त्यांना अगदी हवी तशीच. त्यावर औषधं आहेत, सल्फा गटातली पाण्यातनं देतात, पण डोस डॉक्टरला विचारून. औषधापेक्षा लेंडी पायाखाली राहू नये हे महत्त्वाचं. खाली वेल्डमेशची तळजाळी, अर्धा बाय एक इंच, लेंडी खाली पडली पाहिजे. बसायला एका बाजूला सुपारीच्या रिपांची फळी द्या, नुसत्या जाळीवर राहून मागच्या पायाचे तळवे सोलतात. फळी दोन ठेवा, एक धुवून उन्हात, एक आत. ऊन नसेल तेव्हा चुलीच्या वर टांगा.

दुसरं खरूज. कानात तपकिरी खपली, नाकावर आणि पंजावर पांढरट पापुद्रा दिसला की दुसऱ्या जनावरांपासून वेगळं करा आणि डॉक्टरकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वजनाप्रमाणे घ्या. खपल्या ओढून काढू नका. कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला कधीही, कधीही लावू नका, मरतो. आणि घरात उरलेली अमोक्सिसिलीन तोंडावाटे देऊ नका. सशाच्या आतड्यात जे चांगले जंतू असतात तेच मरतात आणि मग जनावर जुलाबाने जातं. मेडिकलवाला देईल हो, त्याला काय.

झिलगो_मालवणी

गो ताय, ह्येनी सांगल्यानी ता सगळा बरोबर आसा पण मुंग्यांचा कोणच बोलूक नाय. आमच्या हय पयलो पाऊस पडलो की तांबड्या मुंग्यो बिळातसून वयर येतत, त्येंका सुकी जागा व्हयी आणि उघड्या आंगाचा पिल्लू म्हंजे आयता जेवाण. एका रातीत साफ करतत, सकाळी बघशीत तर काय नाय. पिंजऱ्याच्या चारय पायांखाली जुने डबे ठेय, त्यात पाणी आणि वयसून थोडा जळका ऑइल. डब्यात रोज बघ, पालो नायतर काडी पडली की तोच मुंग्यांचो साकव. आणि पिंजरो भितीक टेकवू नको, नायतर डबे ठेवन उपेग काय.

दुसरा म्हंजे सोरोप. एक इंचाच्या जाळयेतसून बारको सोरोप आत जाता, पिल्लू गिळता आणि पोट फुगल्यार भायर येवक गावना नाय, सकाळी पिंजऱ्यात पिल्लां नाय आणि सोरोप बसलेलो. अर्ध्या इंचाची जाळी लाय सगळ्या बाजून. हात घालूच्या आधी बॅटरी मार, नाग असलो तर काय करतलंस.

कलमवाला_राजापूर

हे एकदम खरं, मुंग्यांचं मी विसरलोच. जाळीबद्दल अजून एक, आपल्याकडे खारी हवा, साधी जाळी दोन पावसाळ्यात गंजून हाताने तुटते. वेल्डिंग करून मग जस्ताचा मुलामा दिलेली मिळते ती घ्या, महाग पडते पण टिकते. झडीसाठी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला नारळाची झापं बांधा, प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळू नका. आत मुताचा वास कोंडतो, त्या वासाने डोळे चुरचुरले तुमचे तर सशाची छाती कधीच गेलेली असते. शिंका आणि नाक वाहणं तिथनंच सुरू होतं.

दापोलीचा_विद्यार्थी

मी कृषीला आहे, एक प्रश्न माझापण. आमच्या मित्राकडे चार माद्या एक नर, एप्रिल-मे मधे तीनदा नर दाखवला, एकही मादी गाभण नाही. नर बाद झाला का?

गुरांचा_डॉक्टर_नव्हे

बाद नाही, तापलाय. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते. त्याला बरं वाटतं 15 ते 25 अंशांत, 30 च्या वर त्रास सुरू. आपल्याकडे मे महिन्यात पारा घाटावरच्या एवढा चढत नाही पण दमट हवेने रात्रीसुद्धा उतरत नाही, त्यात नराचं बीज कमजोर होतं आणि थंडावा आल्यावरही सुधारायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे मे मधे तापलेला नर जुलै-ऑगस्टशिवाय भरवशाचा नाही. ऑक्टोबरमधे पुन्हा तेच. चांगली वीण नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्यावी. उन्हाळ्यात नराला सगळ्यात गार जागा द्या, चिऱ्याच्या भिंतीजवळ, नळ्यांच्या छपराखाली, पत्र्याखाली नाही. दुपारी पाण्याची बाटली फ्रीजरमधे गोठवून पिंजऱ्यात आडवी ठेवायची, तो तिला टेकून बसतो. धापा टाकत असेल तर कान ओल्या फडक्याने पुसा, थंड पाण्याच्या बादलीत बुडवू नका.

आणि मित्राला विचार, नर मादीच्या पिंजऱ्यात सोडतो की मादी नराच्या? नेहमी मादीला नराकडे न्यायचं. आपल्या जागेत आलेल्या नराला मादी चावते, किंवा नर नुसता वास घेत फिरत बसतो. काम मिनिटाभरात होतं, नर बाजूला कोसळला की झालं, मादीला उचलून परत आणायची. बारा-चौदा दिवसांनी पोट चाचपून बघता येतं, पण ते शिकलेल्याकडून शिका, जोरात दाबलं तर गर्भ जातो.

पेणची_सुगरण

खायला काय घालता सगळे? आमच्याकडे गाजर आणि कोबी घालतात आणि सारखं पोट बिघडतं.

कलमवाला_राजापूर

गाजर म्हणजे सशाला पेढा हो, कधीतरी एक तुकडा. कोबीने गॅस होतो. मुख्य खाणं गवत, सुकं असेल तर उत्तम, त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आपल्याकडे फणसाची पानं, पांगारा, शेवगा, जास्वंदीचा पाला आवडीने खातात. सुबाभूळ थोडाच, रोज भरपूर नको. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत हाच खरा घात, पाणी जास्त आणि चोथा कमी, पोट फुगून मरतात. कापलेलं गवत पडवीत पसरा, अर्धा दिवस मलूल होऊ द्या, मग घाला. वाळलेला पेंढा नेहमी सोबत असू द्या. जागा असेल तर बांधावर नेपियर ह्या चाऱ्याच्या गवताच्या कांड्या लावा, फुले जयवंत वगैरे वाणाच्या, पावसात लावल्या की वर्षभर बघायला नको. विकतचं खाद्य घालत असाल तर मोठ्या सशाला दिवसाला 100 ते 150 ग्रॅम, पाजणारी असेल तर तिला हात आखडू नका, आणि पाण्याला तर कधीच हात आखडू नका.

घालू नका ते: गिरीपुष्प (आपण उंदीरमारी म्हणतो ती), कण्हेर, घाणेरी, रुई, एरंड, अळू. आणि पहाटे तो स्वतःच्या बुडाला तोंड लावून मऊ लेंडी खातो ते बघून घाबरू नका, ते त्याचं दुसरं जेवण आहे, त्यातनं त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

काजूबाग

मधेच विचारतो. आमच्या काजूत गवत कापताना सशाचं पिल्लू मिळालंय, अंगावर केस आहेत, डोळे उघडे. ह्या पाळीव सशांत मिसळलं तर वाढेल का, जात तगडी होईल म्हणतात.

गुरांचा_डॉक्टर_नव्हे

जिथे मिळालं तिथेच नेऊन ठेवा, आत्ताच. तो रानससा, पाळीव सशाची आणि त्याची जात वेगळी, त्यांची वीण एकमेकांत होतच नाही. रानसशाचं पिल्लू केसांसकट, उघड्या डोळ्यांचं जन्मतं आणि आई त्याला उघड्यावर गवतात ठेवून जाते, संध्याकाळनंतर पाजायला येते. ते अनाथ नाहीये. आणि रानससा पकडणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, फॉरेस्टवाल्यांनी धरलं तर काजू विकून दंड भरावा लागेल.

घाटावरचा_पाहुणा

धंद्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी मूळचा घाटावरचा, सध्या चिपळुणात. "युनिट घ्या, पिंजरे आम्ही देतो, पिल्लं आम्हीच परत घेतो" ह्या स्कीममधे काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या पोरांनी कर्ज काढून पैसे घातले. सुरुवातीला घेतली पिल्लं, वेळेवर पैसे दिले, ते बघून आणखी लोक शिरले, मग फोन बंद. घरोघरी ससे राहिले आणि खाद्याचं बिल. ह्यांचा खरा माल ससा नसतोच, नवीन गिऱ्हाईक हाच माल असतो. कोणी पिल्लं परत घेतो म्हणालं तर एकच विचारा, तुम्ही पुढे कोणाला विकता, त्या माणसाशी मला बोलू दे. तिथे गडी अडखळतो.

दादांना सांगा, ससा पाळणं वाईट नाही. केरळात घरामागे ससे पाळून मटण विकणारे भरपूर आहेत कारण तिथे खाणारे आहेत. आपल्या किनाऱ्यावर माणूस सुरमई-बांगडा सोडून सशाच्या मागे कशाला जाईल? हॉटेलवाला एखाददुसरा घेईल, तेही कापायचे नियम आणि परवाने विचारून मगच. पाळायला पिल्लं विकणार तर गुहागरात वर्षाला किती लोक घेतील ते बोटावर मोजा. एक चांगली मादी एका वेळी सहा-आठ पिल्लं देते, दहा माद्या म्हणजे तीन महिन्यांत घर भरलं. आधी दोन-तीन माद्या, एक चांगला नर, तोही दुसऱ्या घरचा, तिच्याच वेतातला नाही. जात सुधारायची असेल तर न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला ह्या मोठ्या जाती आहेत. त्यांच्यावर राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेत आणि तिच्या कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर केंद्रात काम चालतं. आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, फुकट सल्ला मिळतो, तो स्कीमवाल्याच्या सल्ल्यापेक्षा स्वस्तच.

लेंडी मात्र खरी कमाई आहे. कलमांना, नारळाला सुकवून थेट घालता येते. ज्याच्या दहा हापूसच्या कलमा आहेत त्याने खताचा खर्च धरूनच हिशोब मांडावा.

समुद्राकाठची

सगळ्यांचे खूप आभार. व्याली!! पेटी ठेवली त्याच रात्री पोटाचे केस उपटून पेटी भरून टाकलीन, सकाळी सात पिल्लं, एक मेलेलं होतं ते काढलं. आज सकाळी पेंढा बाजूला करून बघितलं, पाचांची पोटं टम्म आहेत, एक बारीक आहे त्याचं पोट जरा कमी वाटतंय. पायांखाली डबे ठेवलेत, तेल घालून. सासूबाई अजून म्हणतायत आई बसत नाही म्हणून, त्यांना पोटं दाखवली तर म्हणाल्या बघू. धंद्याचं ह्यांना वाचून दाखवलं, गप्प आहेत. त्या बारक्याला काय करू? आणि नर परत कधी सोडायचा?

कलमवाला_राजापूर

अभिनंदन ताई. बारक्याला पहाटे, बाकीच्यांच्या आधी पाजायचं असेल तर मादीला हळूच पेटीत बसवा, एका हाताने धरा आणि त्याला एकट्यालाच दोन मिनिटं आचळाशी लावा, मग बाकीची. दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक सावरतं. डोळे दहाव्या-बाराव्या दिवशी उघडतील, तिसऱ्या आठवड्यात पेटीबाहेर येतील आणि आईचं गवत कुरतडायला लागतील, तेव्हापासून ओलं गवत पिंजऱ्यात येता कामा नये. निदान पाच आठवडे आईपाशी ठेवा, कोणी तीन आठवड्यांचं गोंडस पिल्लू मागितलं तरी देऊ नका. तीन महिन्यांच्या आत नर-मादी वेगळे करा, नाहीतर भावंडांतच वीण सुरू होते.

नर परत सोडायचाच नाही, तो कायमचा वेगळा. पिल्लं तोडली, मादीच्या पाठीचा कणा हाताला टोचत नाही इतकी ती भरली, की तिला त्याच्याकडे न्या आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. माझं ऐकाल तर ह्या पावसाळ्यात नकोच, एकदम दिवाळीनंतर.